आधी ट्यूनर मोजा, मग जीबी: एका घरातल्या डीव्हीआरचे प्रकरण

पार्श्वभूमी

पाच जणांचे घर आणि बैठकीच्या खोलीत एकच टीव्ही. आजी, आई, बाबा, १४ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा. जोडणी उपग्रहाची होती: गच्चीवर डिश, तिथून खाली उतरलेली एकच केबल आणि एक साधा एचडी सेट-टॉप बॉक्स. आई रुग्णालयात परिचारिका. तिची ड्युटी दर आठवड्याला सकाळ, दुपार, रात्र अशी फिरते. बाबा संध्याकाळी सातला घरी येतात. आजींना ऐकायला थोडे कमी येते.

या घराने डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर, म्हणजे टीव्हीचे कार्यक्रम डिस्कवर साठवून मागाहून दाखवणारा डीव्हीआर घ्यायचे ठरवले. निर्णय योग्य ठरला, पण पहिले सहा आठवडे तसे वाटले नाही. या सहा आठवड्यांत काय बिघडले आणि का, ते इथे बारकाईने मांडले आहे, कारण डीव्हीआरचा फायदा मिळणे किंवा न मिळणे बहुतेक वेळा अशाच गोष्टींवर ठरते.

अडचण नेमकी काय होती

तक्रार सगळ्यांची होती, पण प्रत्येकाची वेगळी. आजींच्या दोन मालिका रात्री आठ ते नऊमध्ये. बाबांना आठच्या बातम्या आणि आठवड्यातून एक-दोन फुटबॉल सामने. मुलीला रात्री नऊचा विज्ञानपट. मुलाचे कार्टून साडेसातला, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी. आईचा एक तासाचा कार्यक्रम सोमवार ते शुक्रवार असायचा, पण तीन आठवड्यांपैकी दोन आठवडे तो तिच्या हाती लागायचाच नाही.

घरात सुरुवातीला सूर होता, "दुसरा टीव्ही घेऊन टाकू." त्याआधी एक चांगली गोष्ट झाली. मुलीने १४ दिवसांचा तक्ता करून फ्रीजवर लावला. कुणाला काय बघायचे होते, किती वाजता, कुठल्या चॅनलवर, आणि ते बघायला मिळाले की नाही, असे चार रकाने. कुठलाही रेकॉर्डर घेण्यापूर्वी असा तक्ता करावाच. पेन आणि कागदापलीकडे त्याला काही लागत नाही, आणि दुकानात कुणी सांगणार नाही ते त्यातून कळते.

तक्त्यातून तीन गोष्टी दिसल्या. १४ दिवसांत ११ कार्यक्रम कुणाचे ना कुणाचे चुकले. त्यातले ७ टीव्ही अडलेला होता म्हणून नव्हे, तर माणूस घरीच नव्हते किंवा झोपले होते म्हणून चुकले. आणि एकाच वेळी दोन कार्यक्रम हवे असण्याची वेळ ९ संध्याकाळी आली, तीन हवे असण्याची ३ संध्याकाळी.

दुसऱ्या टीव्हीचा विषय तिथेच संपला. रात्रपाळीवर असलेल्या माणसाला घरात चार टीव्ही असले तरी रात्री आठचा कार्यक्रम दिसत नाही. या घराला आणखी एक पडदा नको होता, कार्यक्रमाची वेळ सरकवण्याची सोय हवी होती.

पर्याय

इंटरनेटवरून मागाहून बघणे. हा पर्याय सगळ्यात सोपा: सांभाळायला यंत्र नाही, डिस्क नाही. मुलीचा विज्ञानपट आणि आईचा कार्यक्रम तिथे मिळत होते. आजींची एक मालिका मिळत नव्हती, सामने वेगळ्या वर्गणीत होते, आणि काही भाग ठरावीक दिवसांनी काढून टाकले जात. एचडी चित्रासाठी साधारण ५ एमबीपीएसचा (सेकंदाला ५ मेगाबिट) स्थिर वेग लागतो. त्या घरी संध्याकाळी तेवढा वेग टिकत नव्हता. पूरक म्हणून हा पर्याय ठेवला, मुख्य म्हणून नाही.

संगणकाला ट्यूनर कार्ड लावणे. ट्यूनर म्हणजे आलेल्या सिग्नलमधून एका वेळी एक चॅनल पकडणारा भाग. ज्याला हात घालायची आवड आहे त्याला यात सर्वाधिक मोकळीक मिळते. पण कूटबद्ध, म्हणजे फक्त वर्गणीदाराच्या बॉक्सवर उघडणारी चॅनल अशा कार्डावर साध्या मार्गाने उघडत नाहीत, संगणक चोवीस तास चालू ठेवावा लागतो, आणि तो अडला तर सोडवणारा एकच माणूस घरात असतो. आजींना दुपारी एकट्याने चालवता येईल असे काहीतरी हवे होते. हा पर्याय बाद झाला.

आहे त्याच बॉक्सला यूएसबी डिस्क लावणे. ही सोय त्यांच्या जुन्या बॉक्समध्ये होती आणि कुणी कधी वापरली नव्हती. ती दोन आठवडे चाचणी म्हणून वापरायचे ठरले. या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच.

दोन ट्यूनरचा डीव्हीआर. चाचणी पटली तर हा घ्यायचा, असे ठरले.

चाचणी: जुना बॉक्स आणि यूएसबी डिस्क

घरात पडून असलेली अडीच इंची डिस्क बॉक्सला जोडली. बॉक्सने पहिल्यांदा विचारले, "फॉरमॅट करायची?" हो म्हटले की डिस्कवरचे सगळे पुसले जाते. मुलीने आधीच फोटो दुसरीकडे हलवले होते म्हणून नुकसान झाले नाही. पेन ड्राइव्ह लावून बघण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो टाळावा. स्वस्त पेन ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग मध्येच कोसळतो आणि सततच्या लिहिण्याने तो लवकर झिजतो.

पहिल्या संध्याकाळी डिस्क टकटक आवाज करत सुरू व्हायची आणि बंद पडायची. डिस्क बिघडलेली नव्हती, तिला वीज पुरत नव्हती. यूएसबी २.० चे तोंड नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देते, आणि डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त मागते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घातल्यावर आवाज थांबला.

चाचणीतून जे कळले ते असे. आजी तिसऱ्या दिवसापासून न विचारता रेकॉर्डिंग लावू लागल्या. आईने रात्रपाळीच्या आठवड्यात पाचपैकी चार भाग दुपारी पाहिले. पण बॉक्सला ट्यूनर एकच होता. रेकॉर्डिंग चालू असताना टीव्हीवर तेच चॅनल किंवा आधीचे रेकॉर्डिंग एवढेच बघता यायचे. आजींची मालिका रेकॉर्ड होत असली की बाबांच्या बातम्या बंद. म्हणजे भांडण मिटले नाही, टीव्हीसमोरून बॉक्सच्या आत गेले.

निर्णय: किती जागा, किती ट्यूनर

दोन यंत्रे समोर होती. एकात एक ट्यूनर आणि २ टीबीची डिस्क, दुसऱ्यात दोन ट्यूनर आणि ५०० जीबीची. बाबांचा कल मोठ्या डिस्ककडे होता, आणि बहुतेकांचा असतोच, कारण तो आकडा खोक्यावर ठळक छापलेला असतो.

इथे हिशोब करणे सोपे आहे. १ एमबीपीएसचा प्रवाह तासाला ०.४५ जीबी जागा घेतो. साध्या चित्राचे (एसडी) चॅनल ३ एमबीपीएसने येत असेल तर तासाला सुमारे १.३५ जीबी, एचडी ८ एमबीपीएसने येत असेल तर ३.६ जीबी. डीव्हीआर आलेला प्रवाह बहुधा जसाच्या तसा लिहितो, त्यामुळे रेकॉर्डिंगचे चित्र थेट प्रक्षेपणाइतकेच चांगले असते.

आता आठवडा मोजू. आजींच्या दोन अर्ध्या तासाच्या मालिका सहा दिवस: ६ तास. आईचा कार्यक्रम: ५ तास. कार्टून: अडीच तास. विज्ञानपट आणि चित्रपट मिळून ५ तास. सामने ४ तास. एकूण साडेबावीस तास, म्हणजे सगळे एचडी धरले तरी ८१ जीबी. ५०० जीबीच्या डिस्कमधून यंत्रणेची आणि थेट प्रक्षेपण थांबवण्यासाठी राखलेली जागा वजा केली की हाती ४४० जीबी धरावेत. म्हणजे काहीही न पुसता पाच आठवड्यांहून थोडे जास्त. बघून झालेले पुसत गेले तर जागा भरपूर.

ट्यूनरचा हिशोब मात्र पुसून सुटत नाही. एका क्षणी दोन चॅनल हवे असतील तर ट्यूनर दोनच लागतात. मोठ्या डिस्कने ते होत नाही. दोन ट्यूनरचा बॉक्स ठरला. ज्या तीन संध्याकाळी तिसरा कार्यक्रम आडवा येत होता, त्याचे पुनःप्रक्षेपण दुसऱ्या दिवशी दुपारी होते. ते रेकॉर्ड करायचे असे ठरले. हा हिशोब बरोबर होता, फक्त त्यातली एक गोष्ट राहून गेली. तिच्याकडे पुढे येऊ.

डिस्कच्या वेगाची काळजी बाबांना उगाच वाटत होती. दोन एचडी रेकॉर्डिंग आणि तिसरे बघणे मिळून २४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३ एमबी. साधी हार्ड डिस्क याच्या कितीतरी पट वेगाने लिहिते. एसएसडीची, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कची इथे गरज नाही. फरक पडतो तो डिस्कच्या जातीने: संगणकाची डिस्क खराब जागा आली की ती पुन्हा पुन्हा वाचत काही सेकंद अडते, आणि तेवढ्यात चित्र गोठते. व्हिडिओसाठी बनवलेली डिस्क तो नाद लवकर सोडून पुढे जाते. पुढेमागे डिस्क बदलायची वेळ आली तर हे ध्यानात असू द्यावे.

बसवणे

पहिले काम गच्चीवर होते. उपग्रहाच्या जोडणीत प्रत्येक ट्यूनरला स्वतःची केबल लागते. बॉक्स केबलमधूनच वर एलएनबीला (डिशसमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून कुठले ध्रुवीकरण, म्हणजे लहरींची उभी की आडवी दिशा हवी ते सांगतो, आणि २२ किलोहर्ट्झचा संकेत देऊन कुठला वारंवारतेचा पट्टा हवा ते. साधा स्प्लिटर लावून एकच केबल दोघांना दिली तर एका ट्यूनरची मागणी दुसऱ्याचे चॅनल घालवते. म्हणून एका तोंडाचा एलएनबी काढून दोन तोंडांचा बसवला आणि डिशसाठीची दुसरी (आरजी-६) केबल खाली आणली. केबल ओढायला जागाच नसेल तर एकाच तारेवर अनेक ट्यूनर चालवणारे खास एलएनबी मिळतात, पण बॉक्सलाही ती पद्धत कळावी लागते. ते आधी तपासावे. जमिनीवरून येणाऱ्या किंवा केबलच्या प्रक्षेपणात ही भानगड नाही. तिथे स्प्लिटर चालतो, फक्त दोन वाटे केले की सिग्नल साधारण साडेतीन डेसिबलने उतरतो.

दुसरे काम वीज. डीव्हीआरला रेकॉर्डिंगसाठी टीव्ही चालू लागत नाही, बॉक्सही जागा असावा लागत नाही. तो स्टँडबायमधून वेळेवर स्वतः उठतो. मात्र भिंतीवरचा स्विच चालू हवा. या घरात झोपताना एक्स्टेंशन बोर्ड बंद करायची जुनी, चांगली सवय होती, आणि तिने पहिल्याच आठवड्यात पहाटेचे दोन सामने घालवले. उपाय साधा: बॉक्सचा प्लग वेगळ्या बोर्डावर नेला आणि त्या स्विचवर "बंद करू नये" अशी चिठ्ठी चिकटवली. टीव्हीचा बोर्ड पूर्वीसारखाच रात्री बंद होतो.

त्याच वेळी छोटा यूपीएसही लावला. बॉक्स २० ते २५ वॅटच घेतो, त्यामुळे संगणकासाठीचा साधा यूपीएस त्याला तासभर सहज सांभाळतो. एलएनबीला वीज बॉक्सकडूनच मिळते, म्हणून घरची वीज गेली तरी सिग्नल येत राहतो. लिहिता लिहिता वीज गेली तर चालू असलेल्या रेकॉर्डिंगचा शेवटचा तुकडा तर जातोच, कधी पूर्ण फाइल उघडत नाही. वीज वरचेवर जात असेल तिथे यूपीएस ही चैन नव्हे.

सेटिंग अशी केली: मालिकांना आधी २ आणि नंतर ५ मिनिटांची जादा मुभा, मालिका म्हणून नोंदलेले कार्यक्रम "फक्त नवे भाग", थेट प्रक्षेपण मागे नेण्याची मर्यादा ९० मिनिटे.

काय बिघडले आणि का

रिकाम्या फाइल. पहिल्या तीन दिवसांत मुलीचे दोन कार्यक्रम काळ्या पडद्याचे निघाले. रेकॉर्डिंगच्या यादीत नाव होते, वेळ होती, आत काही नव्हते. मेनूतल्या सिग्नलच्या पानावर पहिल्या ट्यूनरची गुणवत्ता ७२ टक्के दिसत होती, दुसऱ्याची ३८. नव्या केबलच्या टोकाच्या जोडात (एफ-कनेक्टरमध्ये) बाहेरच्या जाळीची एक बारीक तार आतल्या तांब्याला अधूनमधून टेकत होती. कनेक्टर कापून पुन्हा केला, जाळी नीट मागे दुमडली, आतली तार कनेक्टरच्या कडेपासून २-३ मिलिमीटर पुढे ठेवली, गच्चीवरच्या जोडाला पाणी न शिरणारी टेप गुंडाळली. गुणवत्ता ७० वर आली.

ही चूक बसवायला आलेल्या माणसासमोरच पकडता आली असती. त्याने टीव्हीवर चित्र दाखवले आणि निघाला. चित्र पहिल्या ट्यूनरचे होते. तपासायची रीत अशी: एका ध्रुवीकरणावरचे चॅनल रेकॉर्डिंगला लावायचे, दुसऱ्या ध्रुवीकरणावरचे लाइव्ह बघायचे, पाच मिनिटांनी चॅनलांची अदलाबदल करायची, आणि मग दोन्ही रेकॉर्डिंग उघडून बघायची. दहा-बारा मिनिटांचे काम आहे, पण ते झाल्याशिवाय बसवणाऱ्याला सोडू नये.

कापला गेलेला सामना. बाद फेरीचा सामना गाइडमध्ये, म्हणजे बॉक्सवरच्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकात, १२० मिनिटांचा होता. ९० मिनिटे खेळ, १५ मिनिटे मध्यंतर, वाया गेलेल्या वेळेची भरपाई १० मिनिटांच्या आसपास, इथवर ठीक. पण बरोबरी झाली की जादा वेळेची ३० मिनिटे, मधले थांबे आणि पेनल्टी मिळून सहज १६५ ते १७० मिनिटे होतात. रेकॉर्डिंग जादा वेळेच्या सुरुवातीलाच थांबले आणि बाबांना निकाल दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडून कळला. ज्याने दिवसभर बातम्या टाळल्या त्यालाच याचे दुःख कळेल.

बॉक्सचे घड्याळ बरोबर असते, कारण ते प्रक्षेपणातूनच वेळ घेते. चुकतो तो गाइडमधला अंदाज. काही बॉक्स गाइडमध्ये झालेला बदल पाळतात, काही नोंदणीच्या क्षणीची वेळ धरून बसतात, आणि हा बॉक्स दुसऱ्या जातीचा होता. आता सगळ्या थेट सामन्यांना शेवटी ६० मिनिटांची मुभा आहे. बाद फेरीच्या सामन्याला त्यापुढचा कार्यक्रमही रेकॉर्डिंगला लावतात.

तिसऱ्या ट्यूनरची मागणी. तक्ता करताना राहून गेलेली गोष्ट ती हीच. आजींची मालिका एका चॅनलवर ८ ते ८.३०, आईचा कार्यक्रम दुसऱ्यावर ८ ते ९, आजींची दुसरी मालिका तिसऱ्यावर ८.३० ते ९. कागदावर कुठल्याही क्षणी दोनच. पण आधी २ आणि नंतर ५ मिनिटे धरली की ८.२८ ते ८.३५ या सात मिनिटांत तीन ट्यूनर लागतात. बॉक्सने पसंतीक्रमात सगळ्यात खाली असलेली नोंद न विचारता वगळली. ती आजींची दुसरी मालिका होती. त्यांना वाटले, आपलेच बटण चुकले.

तीन उपाय तपासले. मुभा शून्य करणे: मालिकेची अखेरची दोन मिनिटे जातात, आणि मालिकेत सगळे त्याच दोन मिनिटांत असते. क्रम बदलणे: कुणाचे तरी नुकसान ठरलेलेच. दुसऱ्या मालिकेचे दुपारचे पुनःप्रक्षेपण पकडणे: यात आजींना तो भाग एक दिवस उशिरा मिळतो. आजींना विचारले, त्या म्हणाल्या, "दुपारी निवांत बघेन, मला तेच बरं." प्रश्न सुटला. मात्र पुनःप्रक्षेपण लावताना "फक्त नवे भाग" ही अट त्या नोंदीपुरती काढावी लागते, नाहीतर बॉक्स ते जुने समजून सोडून देतो. काही बॉक्स एकाच ट्रान्सपॉन्डरवरची, म्हणजे उपग्रहाच्या एकाच प्रक्षेपकातून एकत्र येणारी, अनेक चॅनल एका ट्यूनरने रेकॉर्ड करतात. तसा बॉक्स असता तर हा पेच कदाचित आलाच नसता.

उष्णता. चौथ्या आठवड्यात रेकॉर्डिंगमध्ये चित्र मधूनच अडखळू लागले. सिग्नल ठीक, पावसाचे निमित्त नाही. बॉक्स टीव्हीखालच्या बंद कपाटात होता आणि त्यावर राउटर ठेवलेला. मेनूत डिस्कचे तापमान ५७ अंश सेल्सिअस दिसले. अशा डिस्कची मर्यादा साधारण ६० असते आणि डीव्हीआरची डिस्क बॉक्स जागा असेपर्यंत सतत लिहीत असते, कारण थेट प्रक्षेपणही ती मागे साठवत असते. राउटर हलवला, कपाटाची मागची फळी काढली, वर १० आणि बाजूंना ५ सेंटिमीटर जागा सोडली. तापमान ४६ वर आले, अडखळणे थांबले. हे करताना बॉक्स चालू असतानाच उचलणार होते, मुलीने थांबवले. बंद करून एक मिनिट थांबावे, डिस्क फिरायची थांबली की मगच हलवावा.

पुसले गेलेले भाग. सहाव्या आठवड्यात डिस्क भरली. सव्वापाच-साडेपाच आठवड्यांत ती भरणार हे हिशोबात होतेच, पण "बघून झाले की पुसायचे" हे काम कुणाचे ते ठरले नव्हते. भरल्यावर बॉक्सने सर्वात जुनी रेकॉर्डिंग आपोआप काढली. जुने म्हणजे बघितलेले नव्हे. आईचे चार न पाहिलेले भाग त्यात गेले. ती सलग रात्रपाळ्या करत होती, म्हणजे ज्या माणसासाठी मुख्यतः हे यंत्र आणले त्याचेच नुकसान झाले. कार्टूनचे मात्र एकाच भागाचे तीन-तीन तुकडे यादीत होते, कारण त्या चॅनलच्या गाइडमध्ये भागांची ओळख नीट भरलेली नसते आणि बॉक्स नावावरून दिवसातले प्रत्येक प्रक्षेपण पकडत होता.

आता कार्टूनला "शेवटचे ५ भाग ठेवा" अशी मर्यादा आहे आणि नोंद नावाऐवजी ठरलेल्या वेळेवर आहे. आईच्या कार्यक्रमाला आपोआप पुसण्यापासून कुलूप आहे. रविवारी सकाळी दहा मिनिटे मुलगी यादी साफ करते. पुसण्यापूर्वी ज्याचा कार्यक्रम त्याला विचारायचे, असा नियम तिने स्वतःच केला.

परिणाम

तीन महिन्यांनी पुन्हा १४ दिवसांचा तक्ता केला. चुकलेले कार्यक्रम ११ वरून २ वर आले. एक, चॅनलने आयत्या वेळी कार्यक्रम बदलला. दुसरा, मुसळधार पावसात सिग्नल गेला. डिश कितीही नीट बसवली तरी जोरदार पावसात असे होऊ शकते आणि डीव्हीआर न आलेला सिग्नल रेकॉर्ड करू शकत नाही.

आईचा कार्यक्रम आता तिच्या वेळेला असतो. मुलाचे कार्टून दुसऱ्या दिवशी दुपारी असते, आणि रात्रीचे जेवण टीव्ही बंद ठेवून होते. हा बदल कुणी मागितला नव्हता, तो आपसूक झाला.

जाहिरातींचा भाग वेगळा सांगायला हवा. बाबा चित्रपट सुरू झाल्यावर ४० मिनिटांनी टीव्हीसमोर बसतात, चालू रेकॉर्डिंग सुरुवातीपासून लावतात, आणि ३० सेकंद पुढे नेणाऱ्या बटणाने जाहिराती ओलांडत शेवटाला थेट प्रक्षेपणाच्या जवळपास पोहोचतात. व्हीसीआरच्या टेपवर हे शक्यच नव्हते. टेप एकतर लिहायची किंवा वाचायची. हार्ड डिस्क एकाच वेळी दोन्ही करते. १९९९ मध्ये टिव्हो आणि रिप्ले टीव्ही ही घरगुती यंत्रे आली, तेव्हा त्यांचे खरे नवेपण हेच होते.

सगळ्यात मोठा फायदा मात्र तक्त्यात कुठे नव्हता. आजींना एखादे वाक्य निसटले की पूर्वी त्या शेजारी बसलेल्याला विचारायच्या, आणि सांगेपर्यंत पुढची दोन वाक्ये जायची. हळूहळू त्यांनी विचारणेच सोडले होते. रिमोटवर १० सेकंद मागे नेणारे बटण आहे. मुलीने त्यावर लाल टिकली चिकटवली. आता त्या स्वतः मागे जातात, दोनदा ऐकतात, पुढे जातात. टीव्हीचा आवाजही पूर्वीपेक्षा कमी असतो.

काय सुटले नाही

रेकॉर्डिंग त्या बॉक्सशी बांधलेली आहेत. कूटबद्ध केलेली असल्याने डिस्क काढून संगणकाला लावली तर काही दिसत नाही, आणि बॉक्स बिघडून बदलला तर आतले सगळे जाते. मुलीच्या विज्ञान प्रकल्पाची झलक एका चॅनलवर दाखवली होती. ते रेकॉर्डिंग कुलूप लावून ठेवले आहे, पण त्याचे आयुष्य त्या डिस्कइतकेच. कायम जपायचे असेल तर वाहिनीकडे प्रत मागणे हाच भरवशाचा मार्ग. तशी विनंती पाठवली आहे, उत्तर यायचे आहे. डीव्हीआर वेळ सरकवतो. संग्रहासाठी तो बनवलेला नाही.

पुन्हा करायचे झाले तर

तक्ता करताना कार्यक्रमाच्या छापील वेळा न लिहिता आधी २ आणि नंतर ५ मिनिटे जोडूनच लिहाव्यात. असे केले असते तर या घराला तीन ट्यूनर लागतात हे खरेदीपूर्वीच दिसले असते, आणि मग पुनःप्रक्षेपणावर भागवायचे की तीन ट्यूनरचा बॉक्स शोधायचा, हे समजून-उमजून ठरले असते. बॉक्स गाइडमधले बदल पाळतो का, एका ट्रान्सपॉन्डरवरची दोन चॅनल एका ट्यूनरने घेतो का, आणि आपोआप पुसताना न पाहिलेले वगळतो का, हे तीन प्रश्न घेतानाच विचारायला हवे होते. जुना बॉक्स लगेच परत दिला. तो महिनाभर ठेवला असता तर रिकाम्या फाइलींच्या दिवसांत मुलीचे कार्यक्रम वाचले असते. पुसायची जबाबदारी आणि मालिकांच्या मर्यादा पहिल्याच रविवारी ठरवायला हव्या होत्या.

तिसऱ्या ट्यूनरसाठी बॉक्स आत्ता बदलायचा नाही, असे घराने ठरवले आहे, कारण बदलला की आतली रेकॉर्डिंग जातील. त्याऐवजी बॉक्सने नोंद वगळली की मुलगी तारीख टिपून ठेवते. ज्या वगळलेल्या कार्यक्रमाचे पुनःप्रक्षेपणही नाही असे एका महिन्यात चारपेक्षा जास्त झाले, तर विषय पुन्हा काढायचा. गेल्या महिन्यात असा एक झाला.